फ्रिजमधल्या त्वचेला नुसती तारीख पुरत नाही

बर्न्स वॉर्डातल्या फ्रिजमध्ये काय काय असतं? धनुर्वाताची इंजेक्शनं, इन्सुलिनच्या कुप्या, आणि एखाद्या कोपऱ्यात घट्ट झाकणाची निर्जंतुक डबी. डबीत सलाइनने भिजवलेली गॉझ आणि गॉझच्या घडीत कागदाहून थोडी जाड, ओलसर, फिकट पट्टी. वर चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख. ही बहुधा रुग्णाचीच मांडीवरून काढलेली, ऑपरेशननंतर उरलेली त्वचा असते. आठवड्याभरात जखमेचा एखादा भाग उघडा राहिलाच तर लावायला म्हणून ठेवलेली.

मरणोत्तर त्वचादान केलेल्या दात्याची त्वचा त्वचापेढीतून येते आणि तिची बडदास्त याहून बरीच जास्त असते. दात्याचा क्रमांक, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, कल्चर (तिच्यावर जंतू वाढतात का याची तपासणी), किती चौरस सेंटिमीटर, कधी काढली, सगळं नोंदलेलं असतं. नसतो तो एकच आकडा: तिच्यातल्या पेशींपैकी किती अजून जिवंत आहेत. तारीख बघायची आणि अंदाज बांधायचा, ही सर्वसाधारण रीत.

माझी नोकरी हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये गेली, त्यामुळे न मोजता ठोकलेल्या अंदाजाची मला थोडी ॲलर्जी आहे. माझं म्हणणं एवढंच की, दात्याची त्वचा थंड ठेवून जिवंत म्हणून वापरायची असेल तर लावण्याआधी तिचा जिवंतपणा मोजावा आणि तो आकडा पिशवीवर यावा. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात हे करणं अशक्य तर नाहीच, फारसं अवघडही नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडच्या त्वचापेढ्यांमध्ये दान आलेली त्वचा प्रामुख्याने ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये मुरवून ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. ती पाच वर्षांपर्यंत टिकते. टिकते याचं कारण तिच्यातल्या पेशी मेलेल्या असतात. ग्लिसरॉल पेशींतलं पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढू देत नाही, आणि मागे उरतो तो त्वचेचा सांगाडा: कोलॅजनचं जाळं, वरचा पडदा, मूळची लवचिकता. ही त्वचा जखमेवर उत्तम आच्छादनाचं काम करते. शरीरातलं पाणी आणि प्रथिनं झिरपून जाणं थांबतं, वेदना कमी होतात, जंतुसंसर्गाला आळा बसतो. तेव्हा मेलेली त्वचा म्हणजे टाकाऊ त्वचा असं समजण्याचं कारण नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही झाली. अशा पेढ्यांनी भाजलेल्या माणसांना जगवण्याचं काम केलं आहे, आणि पुढे जे लिहितो आहे तो त्यांच्यावरचा ठपका नाही.

प्रश्न उरतो तो दुसऱ्या प्रकारच्या त्वचेचा. ग्लिसरॉलमध्ये न घालता पोषक द्रावात, अँटिबायोटिक घालून, चार अंशांवर ठेवलेली ताजी त्वचा. ही थोडे दिवसच टिकते, पण तिच्यातल्या पेशी श्वास घेत असतात. खोल भाजलेली जखम खरवडून स्वच्छ केल्यावर तिच्यावर अशी त्वचा ठेवली, की दोनतीन दिवसांत खालच्या रक्तवाहिन्या तिच्याशी जोडल्या जाऊ लागतात. ती गुलाबी होते. सर्जन मंडळींच्या बोलण्यात ग्राफ्ट ‘टेक’ होतं, म्हणजे लावलेली त्वचा लागते. काही आठवड्यांनी शरीर तिला परकी म्हणून झिडकारतंच. ते का घडतं हे १९४३ साली गिब्सन आणि मेडावर यांनी ग्लासगोमधल्या भाजलेल्या रुग्णावर काम करताना दाखवलं आणि मेडावर यांना पुढे १९६० साली नोबेल मिळालं. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती इतकी ढासळलेली असते, की ही परकी त्वचा नेहमीपेक्षा जास्त दिवस तग धरते. ते दिवसच मोलाचे असतात.

का, ते गणितातून समजतं. माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. ऐंशी टक्के भाजलेल्या माणसाकडे स्वतःची निरोगी त्वचा वीस तळहातांएवढी उरते, आणि त्यात चेहरा, हातापायांचे पंजे वगैरे न काढण्याजोग्या जागा धरल्या तर आणखी कमी. त्या त्वचेला मशिनमधून चिरा पाडून जाळी करतात आणि चौपट, सहापट ताणून लावतात. एवढ्या ताणलेल्या जाळीची भोकं उघडी राहिली तर ती वाळते, सडते. म्हणून तिच्यावर दात्याच्या त्वचेचं पांघरूण घालतात. खालची स्वतःची जाळी भरून येईपर्यंत वरचं पांघरूण जिवंत राहिलं तर उत्तम. एकदा त्वचा काढलेली जागा पुन्हा काढण्याजोगी व्हायला दहाबारा दिवस तरी लागतात, तोवर सगळी भिस्त दात्यावर.

आता या पांघरुणातल्या पेशी जिवंत आहेत हे आपण कशावरून ठरवतो? तारखेवरून. आणि तारखेची मर्यादा आली कुठून? थंडाव्यात ठेवलेली त्वचा पुन्हा लावता येते हे १९४४ साली वेबस्टर या अमेरिकन सर्जनने दाखवलं. तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेली रुग्णाची स्वतःची त्वचा लागली. आज अमेरिकन ऊतीपेढ्यांच्या (ऊती म्हणजे टिश्यू) संघटनेच्या मानकांत फ्रिजमधल्या दात्याच्या त्वचेसाठी १४ दिवसांची मर्यादा आहे. मर्यादा शहाणपणाची आहे, फक्त ती कमाल मर्यादा आहे. चौदाव्या दिवशी त्वचा अचानक मरते आणि तेराव्या दिवशी ती ठणठणीत असते असं थोडंच आहे! चयापचय पहिल्या दिवसापासून घसरत जातो. घसरण किती वेगाने होणार हे ठरतं ती त्वचा फ्रिजमध्ये पोचली तेव्हा कोणत्या अवस्थेत होती यावर, आणि इथेच तारीख आपल्याला चकवते.

अमेरिकेतल्या नियमांत मृत्यूनंतर बारा तासांच्या आत शरीर थंड केलं असेल तर चोवीस तासांपर्यंत त्वचा घेता येते, नाहीतर पंधरा. आपल्याकडे सहा तासांच्या आत घ्यावी असं सांगतात. आकडा कडक आहे आणि हवामान पाहता योग्यच आहे. पण ठाण्यात घरी मृत्यू होतो तेव्हा त्या सहा तासांत काय काय घडतं ते बघा. फॅमिली डॉक्टर येऊन दाखला देईपर्यंत तासभर. मुलगी पुण्याहून निघालेली असते, मुलगा विमानात असतो. दरम्यान कुणाला तरी आठवतं, की आजोबांनी त्वचादानाचं संकल्पपत्र भरलं होतं. ते पत्र कपाटात सापडायला वेळ, मग नातेवाइकांची संमती, कारण पत्र असलं तरी अखेर होकार घरच्यांचाच लागतो. मग फोन. पथक घोडबंदर रोडवरच्या सोसायटीकडे निघतं आणि मेट्रोच्या कामाने, गायमुख घाटातल्या ट्रकांनी काय होतं ते रोजचा प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. एवढ्यात शरीर कुठे असतं? कुणी बर्फाची लादी आणतं, कुणी भाड्याची शीतपेटी मागवतं, कुणी नुसता पंखा लावतं. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत खोलीचं तापमान दहाबारा अंशांनी वेगळं असतं.

समजा दोन दात्यांची त्वचा एकाच मंगळवारी काढली. एक दीड तासात, शीतपेटीतून. दुसरी साडेपाच तासांनी, पंख्याखालून. दोन्ही पिशव्यांवर तारीख एकच पडणार. सहाव्या दिवशी सर्जन त्यातली कुठलीही उचलेल, कारण त्याच्या दृष्टीने त्या सारख्याच. डोळ्यांनी पाहूनही काही कळत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही पटकन कळत नाही. पेशी मेल्यावर काही काळ त्यांची रचना शाबूत दिसते. फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवलेली कोथिंबीर वरून हिरवी दिसते तसं काहीसं.

हे मोजता येतं. सगळ्यात सोयीची पद्धत मोसमन या संशोधकाने १९८३ साली मांडलेली एमटीटी चाचणी. पिशवीतल्या त्वचेचा मसुराच्या दाण्याएवढा गोल तुकडा पंचने काढायचा, वजन करायचं आणि एमटीटी नावाच्या पिवळ्या द्रावणात टाकून ३७ अंशांवर दोनतीन तास ठेवायचा. पेशी जिवंत असतील तर त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांतली (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतली) विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या पिवळ्या क्षाराचं फॉर्मझान नावाचं जांभळं द्रव्य बनवतात. तुकडा अक्षरशः जांभळा पडतो. मग तो रंग द्रावकात उतरवायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, वाचायचा. जितका रंग, तितकी जिवंत पेशींची हालचाल. वजनाने भागलं की तुलना करता येण्याजोगा आकडा. सकाळी लावलेल्या तुकड्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत हातात. शेजारच्या नळीत त्याच दात्याचा एक तुकडा उकळून मारलेला ठेवायचा. तो जांभळा पडता कामा नये. पडला तर चाचणीतच गडबड आहे.

आता या चाचणीच्या खोड्याही सांगतो, कारण त्या लपवून बाजू मांडण्यात अर्थ नाही. पहिली, जिवंत जंतूसुद्धा एमटीटीला जांभळं करतात. म्हणजे ज्या त्वचेवर जंतूंची वाढ झाली आहे ती छान जिवंत असल्याचा आकडा देऊ शकते. कल्चरचा निकाल शेजारी नसेल तर हा आकडा निव्वळ फसवा. दुसरी खोड आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन स्वतः प्रकाश शोषतं, वाचनात भर घालतं. गोऱ्या कातडीच्या दात्यांवर बेतलेली परदेशी मोजपट्टी सावळ्या-काळ्या दात्यांना लावली तर आपली त्वचा आहे त्यापेक्षा जिवंत दिसेल. उपाय आहे. प्रत्येक दात्याचा एक तुकडा एमटीटी न घालता तसाच वाचायचा आणि तेवढं वजा करायचं. पण हे कुणीतरी इथल्या दात्यांवर शेकड्याने करून आपली मोजपट्टी तयार करायला हवी. ती बाहेरून आयात होणार नाही. तिसरी, चाचणी सगळ्या तुकड्याची सरासरी सांगते. नवी त्वचा ज्या तळच्या थरातून उगवते त्याच पेशी मेल्या आणि वरच्या तगल्या, हे तिला कळत नाही. म्हणून अधूनमधून सूक्ष्मदर्शकाची जोड हवी.

दुसरी पद्धत त्याहून जुनी आणि त्याहून घरगुती म्हणावी अशी: तुकडा ठरावीक ग्लुकोज असलेल्या द्रावात ३७ अंशांवर ठेवायचा आणि काही तासांनी ग्लुकोज किती खाल्लं, ते वापरून लॅक्टेट (ग्लुकोज जाळल्यावर उरणारं द्रव्य) किती टाकलं ते बघायचं. ग्लुकोज मोजत नाही अशी लॅब ठाण्यात शोधून सापडायची नाही. नौपाड्यात तर गल्लीत दोन आहेत. एवढ्याशा तुकड्याने केलेला फरक पकडायला हात स्वच्छ आणि नियंत्रण नमुने चोख लागतात, हे खरं. जंतूही ग्लुकोज खातात, त्यामुळे कल्चरची अट इथेही सुटत नाही.

यावर आक्षेप येतात ते ऐकलेले आहेत. आधीच दाते कमी, त्यात चाचणीच्या नावाखाली पिशव्या बाद करणार का? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि त्याचं उत्तर ग्लिसरॉलमध्येच आहे. चौथ्यापाचव्या दिवशी आकडा घसरलेला दिसला आणि कल्चर स्वच्छ असलं, तर ती त्वचा ग्लिसरॉलकडे वळवा. जिवंत म्हणून तिचा उपयोग संपला, आच्छादन म्हणून संपलेला नाही. उलट आज होतं काय, की चौदा दिवस वाट बघून शेवटी दोन्हीसाठी उशीर होण्याची भीती राहते. मोजमापाने पिशवी वाया जायची नाही, ती वेळेत योग्य बरणीत जाईल.

दुसरा आक्षेप: सगळीच त्वचा ग्लिसरॉलमध्ये घाला, कटकट मिटली. साठ्यासाठी हे बरोबरच आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. तळोजा, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा, सगळीकडे रसायनांचे कारखाने आणि त्यांना चिकटून वस्ती. एकाच दुपारी वीसपंचवीस भाजलेली माणसं दारात आली तर ताजी त्वचा कुठून आणणार? तेव्हा बरणीतलीच कामाला येणार. म्हणून साठा ग्लिसरॉलचाच हवा, त्यात शंका नाही. पण रोजच्या, एकेकट्या, साठसत्तर टक्के भाजलेल्या रुग्णासाठी सर्जनला पर्याय असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. त्यातले बहुतेक कुठल्या स्फोटात भाजत नाहीत. स्टोव्ह, गळका सिलिंडर, उकळतं पाणी, पदर. त्यांच्या ऑपरेशनची वेळ आधी ठरवता येते, ताज्या त्वचेशी जुळवताही येते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. अगदी प्रत्येक पेढीने आपापली यंत्रं घ्यावीत असं मी म्हणत नाही. खारघरला ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे, तिथे पेशी वाढवणं आणि त्यांचा जिवंतपणा मोजणं हे रोजचं काम. नेरुळ, कामोठे आणि कळवा इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इनक्युबेटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर तिथे नाहीत असं कोण म्हणेल? एखाद्या महाविद्यालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागाने पेढ्यांशी करार करून हे काम उचललं, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी रक्तातल्या साखरेहून वेगळा, उपयोगी विषयही मिळेल. (तेच तेच प्रबंध वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसाची ही तळमळ समजून घ्यावी.) ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी मिळून फक्त नमुना नेण्याआणण्याची आणि एका तंत्रज्ञाच्या पगाराची सोय करावी. उड्डाणपुलाखालच्या भिंती रंगवण्याच्या तुलनेत हा खर्च कुणाच्या नजरेतही भरणार नाही.

कायद्याचा आधारही आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा आणि ऊतीपेढ्यांच्या नोंदणीचा समावेश झाला. नोंदणी म्हटलं की मानकं आली, तपासणी आली. रक्तपेढीतल्या पिशवीवर आपण घटक, गट, मुदत आणि तपासण्या गृहीत धरतो. त्यातली एक ओळ कमी असली तर सिस्टर ती पिशवी लावणार नाही. जिवंत म्हणून वापरायच्या त्वचेच्या पिशवीवर एक ओळ वाढवायला नवा कायदा लागत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याचं एक परिपत्रक पुरे.

अमुक आकड्याखाली वापरू नये अशी रेघ कुठे मारायची, याबद्दल तज्ज्ञांत वाद होतील आणि व्हावेत. पण रेघ ठरत नाही म्हणून मोजायचंच नाही, हा उलटा न्याय झाला. आधी आकडे नोंदवा, सोबत ती त्वचा कुणाला लावली आणि पाचव्या दिवशी किती लागली तेही नोंदवा. दोनतीन वर्षांच्या नोंदी झाल्या की रेघ आपोआप दिसू लागेल, तीही इथल्या उन्हातली, इथल्या रंगाची.

एक आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि तो डॉक्टरांकडून नाही, आपल्या प्रचारकांकडूनच येतो: लोकांना हे असलं काही सांगू नका, दान घटेल. ज्येष्ठ नागरिक संघांत त्वचादानावर बोलायला जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या आजी विचारतात, “अहो, माझं वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या सुरकुतलेल्या कातडीचं काय करणार ते लोक?” वयाची वरची मर्यादा नाही, अठरा पूर्ण असलं की झालं, मांड्या, पाय आणि पाठ इथला फक्त वरचा पातळ थर घेतात, अर्धापाऊण तासात काम होतं, रक्तगट जुळवावा लागत नाही, हे सगळं मी सांगतो आणि त्या समाधानाने मान हलवतात. पण त्यांचा प्रश्न त्याहून खोल आहे, आणि विचारणाऱ्या माणसाला खरं उत्तर पचतं असा माझा अनुभव आहे. सांगितलं, की तुमची त्वचा मोजून बघतील, जिवंत असली तर एका कामाला, नसली तर दुसऱ्या कामाला, तर त्या घाबरत नाहीत. घरच्यांना एवढंही सांगावं, की फोन लवकर करा आणि तोवर शीतपेटी मागवा. आज माहितीपत्रकात सहा तासांची ओळ असते. ‘शक्यतो दोन तासांत कळवा, शरीर थंड ठेवा’ ही ओळ तिच्याखाली छापायला शाई किती लागणार?

आणि वॉर्डातल्या त्या डबीचंही बघायला हवं. रुग्णाची स्वतःची उरलेली त्वचा तर कुठल्याच पेढीच्या नियमात बसत नाही. फ्रिज साधा घरगुती, दार सारखं उघडझाप, डबी मागे सरकत सरकत बर्फाच्या कप्प्याला टेकलेली. संरक्षक द्रव्याशिवाय त्वचा गोठली की पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि त्या फुटतात. वितळल्यावर पट्टी दिसते तशीच. यासाठी एमटीटीचीही गरज नाही. एक स्वतंत्र छोटा फ्रिज, आत कमाल-किमान तापमानाची नोंद ठेवणारा साधा तापमापक, आणि दर पाळीला वहीत सही. महापालिकेच्या लसीकरण केंद्रांत लशींसाठी तापमानाची नोंद दिवसातून दोनदा होते, त्यामुळे हे कसं करायचं हे आपल्या कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवावं लागणार नाही. लशीच्या शेजारच्या इमारतीत फक्त ती वही पोचायची आहे.